यादीतून सुटलेली एक संख्या

२९,३३१ कोटी ८६ लाख २५ हजार ६००. अर्थसंकल्पाच्या दिवसांत हा आकडा वाचनात आला तर तो एखाद्या मंत्रालयाची वार्षिक तरतूद असावा, असे समजून वाचक पुढे जाईल. गणिताच्या इतिहासात मात्र या संख्येला वेगळे स्थान आहे. तिला निःशेष भाग देणाऱ्या संख्या बरोबर ५,०४० आहेत आणि तिच्याहून लहान असलेल्या एकाही संख्येला इतके विभाजक नाहीत. १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात श्रीनिवास रामानुजन यांनी अशा विक्रमी संख्यांची शंभराहून अधिक नोंदींची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत ही संख्या असायला हवी होती. ती नाही. ती सुटली.

रामानुजन यांच्याविषयी आपल्या देशात आदराने पुष्कळ लिहिले जाते. त्यांचा जन्मदिवस, २२ डिसेंबर, हा राष्ट्रीय गणित दिवस म्हणून २०१२ पासून साजरा होतो. त्या दिवशी शाळाशाळांतून टॅक्सीच्या १७२९ या क्रमांकाची गोष्ट सांगितली जाते. दोन घनांच्या बेरजेच्या रूपात दोन वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या. १ आणि १२ यांचे घन मिळवा किंवा ९ आणि १० यांचे, उत्तर तेच. गोष्ट रंजक आहे. पण ती सांगून आपण रामानुजन यांना चमत्काराच्या कोनाड्यात बसवतो आणि मोकळे होतो. चमत्काराकडून धोरणकर्त्याला शिकण्यासारखे काही नसते. सुटलेल्या संख्येकडून मात्र आहे. परीक्षेत नापास ठरलेला हा तरुण ज्ञानाच्या व्यवस्थेत कोणत्या दाराने आत आला, ते दार कोणी उघडले आणि त्या व्यवस्थेने त्याच्या कामाचे मोल कशावरून केले, हे प्रश्न तिच्या निमित्ताने विचारता येतात.

नापास विद्यार्थी

रामानुजन यांचा जन्म १८८७ मध्ये इरोड येथे, आजोळी झाला. बालपण गेले कावेरीकाठच्या कुंभकोणम या मंदिरांच्या गावी. वडील कापडाच्या दुकानात कारकून. आई कोमलतम्माळ मंदिरात भजने गात. घर वैष्णव, कर्मठ आणि ओढगस्तीचे. शाळेत मुलगा हुशार म्हणून गाजला. साधारण सोळाव्या वर्षी जॉर्ज कार या इंग्रज शिकवणीकाराने संकलित केलेला, हजारो सूत्रांचा एक ग्रंथ त्याच्या हाती पडला. त्या ग्रंथात सिद्धता जवळजवळ नव्हत्याच. ओळीने विधाने होती. हा मुलगा ती स्वतः पडताळू लागला आणि पडताळता पडताळता नवी विधाने रचू लागला. कागद महाग म्हणून गणित पाटीवर चाले. पुसायला कोपर, आणि हाती लागलेला निष्कर्ष तेवढा वहीत. सिद्धता पाटीबरोबर पुसली जाई.

१९०४ मध्ये कुंभकोणमच्या शासकीय महाविद्यालयात त्यांना शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला. गणितापुढे इतर विषय मागे पडले, इंग्रजीत ते अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयात दुसरा प्रयत्न झाला. तेथेही फर्स्ट आर्ट्सची परीक्षा त्यांना उत्तीर्ण होता आली नाही. गणितात प्रावीण्य, शरीरशास्त्रासारख्या विषयांत दारुण अपयश आणि एकूण निकाल अनुत्तीर्ण. त्या काळच्या विद्यापीठाच्या दृष्टीने प्रकरण येथे संपले होते.

यात विद्यापीठाचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. वसाहतकालीन विद्यापीठे प्रामुख्याने परीक्षा घेणाऱ्या संस्था होत्या. प्रशासनाला, न्यायालयांना आणि शाळांना लागणारी इंग्रजी जाणणारी, सर्व विषयांत बेताची जाण असलेली माणसे निवडणे हे त्या परीक्षांचे काम होते, आणि ते त्या चोख करत. ज्याला एकच विषय अथांग येतो आणि बाकीचे येत नाहीत, असा मनुष्य त्या चाळणीतून खाली पडणारच. चाळणीने नेमून दिलेले काम केले. त्या चाळणीखेरीज दुसरी वाट नसणे, हा खरा दोष होता.

कचेरीतली माणसे

१९०९ मध्ये रामानुजन यांचा जानकी यांच्याशी विवाह झाला. त्या वयाने अगदी लहान होत्या. आता पोटापाण्याची सोय पाहणे भाग होते. गणिताच्या वह्या काखेत मारून हा तरुण दारोदार फिरू लागला. १९१० मध्ये तो तिरुकोइलूर येथे डेप्युटी कलेक्टर असलेल्या व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेला. मागणी साधी होती: आपल्या खात्यात कारकुनाची एखादी जागा. अय्यर यांनी वह्या चाळल्या आणि जागा देण्याचे टाळले. महसूल खात्याच्या तळच्या पायरीवर या बुद्धीची माती करण्याचे पाप आपल्या हातून घडू नये, असे त्यांना वाटले. हा नकार कोरडा नव्हता. त्यासोबत मद्रासमधील गणितज्ञांच्या नावे पत्रे दिली गेली.

हे रामस्वामी अय्यर कोण, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. महसुली कामाच्या रगाड्यात असताना याच गृहस्थांनी १९०७ मध्ये पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेची स्थापना केली. परदेशी गणिती नियतकालिके एकट्यादुकट्याला परवडत नाहीत, तेव्हा वर्गणी काढून ती मागवावीत आणि सभासदांत फिरवावीत, हा मूळ उद्देश. संस्थेचे ग्रंथालय होते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. एका मद्रासी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून निघालेली आणि पुण्याच्या कपाटांत वसलेली ही संस्था स्वतःचे नियतकालिक काढत असे. १९११ मध्ये रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध, बर्नोली संख्यांवरचा, त्याच नियतकालिकात आला. पदवी नसलेल्या माणसाला छापणारे एक विश्वसनीय ठिकाण देशात तयार होते, म्हणून पुढचे सारे घडू शकले.

शिफारसपत्रांच्या साखळीतून रामानुजन नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्यापर्यंत पोहोचले. रावांना सारे समजले असे नाही. पण समोरचा माणूस भोंदू नाही एवढे त्यांना कळले. त्यांनी दरमहा २५ रुपये स्वतःच्या खिशातून देणे सुरू केले. रामानुजन यांना दुसऱ्याच्या पैशावर जगणे फार काळ रुचले नाही. १९१२ च्या आरंभी काही आठवडे त्यांनी अकाउंटंट जनरलच्या कचेरीत २० रुपयांवर काम केले, आणि १ मार्च १९१२ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागात ३० रुपये पगारावर ते कारकून म्हणून रुजू झाले.

पोर्ट ट्रस्टमधील ती नेमणूक भारतीय विज्ञानाच्या इतिहासातली एक महत्त्वाची प्रशासकीय कृती ठरली. कचेरीचे व्यवस्थापक एस. नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार. सायंकाळी ते आणि त्यांचा कनिष्ठ कारकून पाट्या घेऊन बसत. अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग हे अभियंते. आपल्या हाताखाली कोण काम करत आहे हे नारायण अय्यर यांनी त्यांच्या कानावर घातले, आणि स्प्रिंग यांनी ते ऐकून घेतले. श्रेणीबद्ध कचेरीत खालचा शब्द वरपर्यंत शाबूत पोहोचणे ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे शासकीय सेवेत आयुष्य घालवलेल्यांना वेगळे सांगायला नको.

नियम, अपवाद आणि तिमाही अहवाल

त्यानंतरच्या घडामोडी मी एखाद्या आदर्श नस्तीसारख्या वाचतो. स्प्रिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ भावनेवर निर्णय घेतला नाही. तज्ज्ञांची मते मागवली. मद्रासच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक ग्रिफिथ यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील हिल यांना लिहिले. हिल यांचे उत्तर सावध होते. त्यांनी प्रतिभा मान्य केली आणि पायाभूत शिक्षणातील उणिवाही दाखवल्या. १६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजन यांनी स्वतः केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना सूत्रांनी भरलेले पत्र धाडले. हार्डी आणि लिटलवूड यांनी ते तपासले. अशी सूत्रे कोणी ठक रचू शकणार नाही या निष्कर्षाला ते आले. हार्डींचे अनुकूल उत्तर फेब्रुवारीत निघाले. त्याच महिन्यात वेधशाळांचे महासंचालक गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले होते. मोसमी पावसाच्या अंदाजासाठी जगभरच्या हवामानाची आकडेवारी धुंडाळणारे आणि पुढे त्यातून प्रशांत महासागरावरील वायुदाबाचे मोठे रहस्य उलगडणारे हेच ते वॉकर. केंब्रिजचे उत्तम गणिती असूनही हा विषय आपला नव्हे हे त्यांनी कबूल केले. मात्र या तरुणाला काही वर्षे निर्वेधपणे गणित करता यावे, अशी लेखी शिफारस त्यांनी विद्यापीठाला केली.

आता नियमाची अडचण उभी राहिली. विद्यापीठाच्या संशोधन छात्रवृत्तीसाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक होती आणि उमेदवार इंटरमिजिएटही नव्हता. कार्यकारी मंडळापुढे आक्षेप आले. तेव्हा विद्यापीठाच्या कायद्याच्या उद्देशिकेकडे लक्ष वेधण्यात आले. संशोधनाला चालना देणे हे विद्यापीठाच्या हेतूंपैकी एक आहे असे तीच सांगत असेल, तर हेतू साधणाऱ्या माणसाला साधनाच्या अटीवरून नाकारायचे कसे? १ मे १९१३ पासून दोन वर्षांसाठी दरमहा ७५ रुपयांची छात्रवृत्ती मंजूर झाली.

या निर्णयाची तीन अंगे धोरण म्हणून पाहण्याजोगी आहेत. अपवाद उघडपणे, मंडळापुढे आणि कारणांसह झाला. त्याला बाहेरच्या तज्ज्ञांच्या मतांचा आधार होता. आणि रक्कम लहान, मुदत बांधलेली आणि काम तपासले जाणारे होते: रामानुजन यांनी दर तिमाहीला अभ्यास मंडळाकडे प्रगतीचा अहवाल द्यायचा होता. ऑगस्ट १९१३ ते मार्च १९१४ या काळात त्यांनी असे तीन अहवाल दिले. एरवी तिमाही अहवाल हा लालफितीचा नमुना म्हणून बदनाम आहे. हे तीन अहवाल मात्र गणितज्ञ आजही अभ्यासतात. विवेकाधिकार म्हणजे वशिलेबाजीला मोकळे रान, अशी भीती आपल्याकडे घातली जाते आणि ती सर्वस्वी निराधार नाही. येथे तो अधिकार वापरणाऱ्यांनी स्वतःला बांधूनही घेतले होते, म्हणून तो निष्कलंक राहिला.

अनेकांना भाग जाणारी संख्या

१७ मार्च १९१४ रोजी रामानुजन इंग्लंडकडे निघाले. समुद्रोल्लंघनाला असलेला घरचा विरोध मावळला होता. केंब्रिजचे तरुण गणितज्ञ नेव्हिल मद्रासला व्याख्यानांसाठी आले होते. त्यांनी विद्यापीठाचे मन वळवले, तर स्प्रिंग यांनी गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्यापर्यंत शब्द टाकला. वर्षाला २५० पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने ३,७५० रुपये, मद्रास विद्यापीठाने दिले. त्यातले ५० पौंड कुंभकोणमच्या कुटुंबासाठी राखले होते. ट्रिनिटी महाविद्यालयाने आणखी ६० पौंडांची भर घातली. केंब्रिजनेही आवश्यक पात्रतेचा आग्रह धरला नाही.

तेथे हाती घेतलेल्या कामांत अतिसंयुक्त संख्यांचा अभ्यास होता. कल्पना सोपी आहे. १२ ला १, २, ३, ४, ६ आणि १२ अशा सहा संख्यांनी भाग जातो; १२ हून लहान कोणत्याही संख्येला सहा विभाजक नाहीत. २४, ३६, ४८, ६०, १२०, ३६० याही अशाच विक्रमी संख्या. दिवसाचे तास २४, तासाची मिनिटे ६०, वर्तुळाचे अंश ३६० का, याचे एक उत्तर येथे आहे. अशा संख्यांची वाटणी अनेक प्रकारे, अपूर्णांकाविना करता येते. रामानुजन यांच्या पोर्ट ट्रस्टच्या खातेवहीत रुपया १६ आण्यांचा आणि १९२ पैंचा होता. त्याचे तीन सारखे भाग ५ आणे ४ पै असे चोख पडत. १९५७ मध्ये दशमान पद्धत आली आणि रुपया १०० पैशांचा झाला. हिशेब सोपे झाले, पण १९२ चे १४ विभाजक जाऊन १०० चे ९ उरले. रुपयाचे तीन सारखे वाटे तेव्हापासून पडत नाहीत. प्लेटोने ‘लॉज’ या ग्रंथात आदर्श नगरीतील भूधारकांची संख्या ५,०४० ठरवली, तीही याच विचाराने. कर, सैन्य, जमीन यांची वाटणी करताना १ ते १० यांपैकी कोणत्याही संख्येने या आकड्याला भाग जातो.

विभाजक मोजण्याची रीत शालेय आहे. संख्येचे मूळ अवयव पाडावेत, प्रत्येक अवयवाच्या घातांकात १ मिळवावा आणि गुणाकार करावा. रामानुजन यांनी विचारले की विक्रमी संख्यांचे अवयव कसे असले पाहिजेत. समजा एखाद्या संख्येत ३ चा घातांक २ च्या घातांकापेक्षा मोठा आहे. दोन्ही घातांकांची अदलाबदल केली तर विभाजक तितकेच राहतात आणि संख्या लहान होते; मग मूळची संख्या विक्रमी ठरत नाही. म्हणून विक्रमी संख्येत मूळ अवयव २, ३, ५, ७ असे एकही न गाळता ओळीने येतात आणि घातांक पुढे कधी वाढत नाहीत. शेवटच्या अवयवाचा घातांक १ असतो. याला अपवाद फक्त ४ आणि ३६. इथवर कोणी हुशार विद्यार्थीही येईल. रामानुजन त्यापुढे कितीतरी गेले. कोणत्या अवयवाचा घातांक कोणत्या सीमांत असेल, लागोपाठच्या दोन विक्रमी संख्यांचे गुणोत्तर १ च्या जवळ कसे सरकत जाते आणि विभाजकांची संख्या जास्तीत जास्त किती वेगाने वाढू शकते, हे त्यांनी पाटीवर नव्हे, कागदावर, सिद्धतांसह मांडले. पदवी नसलेल्या या संशोधकाला मार्च १९१६ मध्ये केंब्रिजने संशोधनाधारित बी. ए. पदवी दिली, ती मुख्यतः या प्रबंधावर.

आता सुटलेल्या संख्येकडे पाहू. तिचे अवयव असे: २ सहा वेळा, ३ चार वेळा, ५ दोन वेळा, ७ दोन वेळा आणि ११, १३, १७, १९ एकेकदा. घातांकांत १ मिळवून गुणाकार केला तर ७ × ५ × ३ × ३ × २ × २ × २ × २, म्हणजे ५,०४०. प्लेटोच्या नगरीचा आकडा येथे विभाजकांची संख्या होऊन आला आहे. १ ते २२ या सर्व संख्यांनी तिला भाग जातो. अडखळते ती २३ वर. तिची रचनाही मोठी नेटकी आहे. १ ते १० या संख्यांचा लसावि २,५२० हा शाळेतल्या मुलांच्या परिचयाचा. २,५२० चा वर्ग घ्यावा आणि त्याला ११, १३, १७ व १९ यांच्या गुणाकाराने, म्हणजे ४६,१८९ ने गुणावे. उत्तर हीच संख्या. आणि तिला अडवणाऱ्या २३ ने तिलाच गुणले तर ६ लाख ७४ हजार ६३२ कोटी ८३ लाख ८८ हजार ८०० येतात, ज्याचे विभाजक दुप्पट, १०,०८० आहेत. ही दुसरी संख्या यादीत आहे. किंबहुना रामानुजन यांची यादी तिच्यापाशीच संपते. मोठी नोंदवली गेली आणि तिच्या पोटातली धाकटी राहून गेली.

गणकयंत्र नसताना, हाताने केलेल्या शंभरावर नोंदींत एक निसटली. आज एखादा विद्यार्थी संगणकावर ती क्षणात शोधेल. पण शोधताना तो अवयवांची जी जुळणी तपासेल, तिचे नियम रामानुजन यांचेच असतील. यादीतली चूक दाखवणारा दिवाही त्याच प्रबंधातला आहे. परीक्षेचा हिशेब गाळलेल्या उत्तराचे गुण कापतो आणि तेथे थांबतो. केंब्रिजच्या परीक्षकांपुढे पूर्ण यादी नव्हती. नियम पूर्ण होते, आणि पदवी त्या नियमांना मिळाली.

युद्धाने कापलेला प्रबंध

त्या प्रबंधाची आणखी एक कथा आहे. महायुद्धामुळे लंडन मॅथेमॅटिकल सोसायटी आर्थिक अडचणीत होती. प्रबंध लांबलचक होता. त्याचा बराच भाग छापलाच गेला नाही. ते हस्तलिखित दशकानुदशके पडून राहिले. १९८८ मध्ये भारतात प्रसिद्ध झालेल्या रामानुजन यांच्या अप्रकाशित कागदपत्रांत ते प्रथम लोकांसमोर आले, आणि १९९७ मध्ये ज्याँ-लुई निकोला व गी रोबाँ या फ्रेंच गणितज्ञांनी ते टिपांसह रीतसर प्रकाशित केले.

त्या न छापलेल्या पानांत काय होते? संख्येचे विभाजक मोजण्याऐवजी त्यांची बेरीज केली, तर ती किती मोठी होऊ शकते याचा विचार तेथे होता. रीमानचे गृहीतक खरे मानल्यास पुरेशा मोठ्या संख्यांच्या बाबतीत ही बेरीज एका ठरावीक मर्यादेखाली राहते, हे रामानुजन यांच्या कामातून निघत होते. १९८४ मध्ये रोबाँ यांनी दाखवले की ५,०४० च्या पुढची प्रत्येक संख्या ही मर्यादा पाळते हे विधान रीमानच्या गृहीतकाशी सममूल्य आहे. एक सिद्ध झाले की दुसरे सिद्ध. पुन्हा ५,०४० च. गणितातला हा सर्वांत प्रसिद्ध अनिर्णित प्रश्न आजही खुला आहे आणि त्यावर दहा लाख डॉलरचे पारितोषिक आहे. सत्तर वर्षांनंतर ज्या दिशेने संशोधक गेले, त्या वाटेवरची पावले १९१५ मध्ये उमटली होती. छपाईचा खर्च वाचला. किंमत कोणी मोजली ते सांगता येत नाही. संशोधनावरील खर्चाला कात्री लावताना कापले जाणारे नेमके काय आहे, हे त्या वर्षी सहसा कळत नसते.

उरलेली वर्षे थोडक्यात सांगतो. १९१८ मध्ये हार्डी आणि रामानुजन यांनी संख्येच्या फोडींविषयीचे प्रसिद्ध सूत्र दिले. ४ ही संख्या बेरजेच्या रूपात पाच प्रकारे लिहिता येते. २०० किती प्रकारे? मेजर मॅकमहन यांनी हाताने गणित करून उत्तर काढले: ३ लाख ९७ हजार २९९ कोटी ९० लाख २९ हजार ३८८. सूत्राची आठ पदे मिळवली आणि उत्तर तंतोतंत जुळले. फरक पडला तो हजारांश चार इतकाच. त्याच वर्षी रामानुजन रॉयल सोसायटीचे आणि नंतर ट्रिनिटीचे फेलो झाले. पण १९१७ पासूनच प्रकृती ढासळत गेली होती. युद्धकाळातला अन्नतुटवडा, कडक शाकाहार, थंडी, एकटेपणा आणि एकामागून एक रुग्णालये. क्षय समजून उपचार झाले. नंतरच्या वैद्यकीय अभ्यासकांनी यकृताच्या अमीबाजन्य आजाराची शक्यता मांडली आहे, जो वेळीच ओळखला असता तर बरा होऊ शकला असता. बुद्धीला पारखण्यासाठी दोन देशांतली उत्तम माणसे धावली. शरीराकडे तितक्याच बारकाईने पाहणारे कोणी लाभले नाही. प्रतिभेला छात्रवृत्ती दिली की जबाबदारी संपली, असे मानणाऱ्या प्रत्येक योजनेने हा भाग पुन्हा वाचावा.

२७ मार्च १९१९ रोजी ते मुंबई बंदरात उतरले. अखेरच्या वर्षात, अंथरुणावरून, त्यांनी मॉक थीटा फलनांचा नवा प्रांत उघडला. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रास येथे त्यांचे निधन झाले. वय ३२.

एक विनंती

आज देशात संशोधनासाठी स्वतंत्र राष्ट्रीय प्रतिष्ठान कायद्याने स्थापन झाले आहे, अनेक मार्गांनी प्रवेश देणारे शैक्षणिक धोरण आहे, छात्रवृत्त्यांची संख्या मोठी आहे. तरी संशोधनाच्या दारावरचा पहिला प्रश्न बहुधा पदवीचा आणि पात्रता परीक्षेचाच असतो. कोट्यवधी उमेदवारांच्या देशात चाळणी अटळ आहे, हे मी नाकारत नाही. प्रश्न १९१३ चाच आहे: चाळणीतून पडलेल्या एखाद्याची वही पाहण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि तो वापरणाऱ्या अधिकाऱ्याला नियम संरक्षण देतात की चौकशीची धास्ती? रामस्वामी अय्यर, रामचंद्र राव, नारायण अय्यर, स्प्रिंग आणि वॉकर यांच्यापैकी कोणाच्याही कामाच्या यादीत प्रतिभा शोधणे नव्हते. आजच्या व्यवस्थेत अशा माणसांना जागा ठेवायची तर उघड कारणे, बाहेरची तज्ज्ञ मते, छोटी रक्कम, ठरलेली मुदत आणि तपासता येणारे अहवाल, एवढी जुनी चौकट पुरेशी आहे. ती शंभर वर्षांपूर्वी एका प्रांतिक विद्यापीठाने वापरून दाखवली.

रामानुजन यांना या व्यवस्थेचे भान होते. मायदेशी परतण्यापूर्वी मद्रास विद्यापीठाने त्यांना वर्षाला २५० पौंडांची नवी वृत्ती देऊ केली. उत्तरादाखल त्यांनी जानेवारी १९१९ मध्ये कुलसचिवांना कळवले की ही रक्कम आपल्या गरजेहून अधिक आहे. आईवडिलांचा आणि आपला आवश्यक खर्च भागल्यावर जे उरेल ते गरीब व अनाथ मुलांच्या शुल्कासाठी आणि शाळांतील पुस्तकांसाठी वापरले जावे. इंग्रजीत नापास झाल्याने जिची शिष्यवृत्ती गेली होती, त्या व्यक्तीची ही विनंती होती. त्यानंतर ते पंधरा महिनेच जगले.